लुटुपुटूची साथ

सोमवार, ४ नोव्हेंबर

आज माझा आलेख वर चढला, माथ्यावर थोडा रेंगाळला आणि ऐटीत खाली उतरला! मी चक्क उभी राहून टाळ्या वाजवल्या. समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "लॉटरी लागली का?" म्हटलं, त्याहून मोठं. शेजारच्या शहरातली गेल्या वर्षीची तापाची साथ माझ्या समीकरणांनी जशीच्या तशी काढून दाखवली. त्यानं पडद्याला नाक टेकवून पाहिलं आणि म्हणाला, "तिसऱ्या आठवड्यात शून्य पूर्णांक चारचा फरक पडतोय." या माणसाला सगळी इमारत दशांश म्हणते ती उगाच नाही.

आरोग्य खात्याच्या मागच्या जिन्याखाली, जिथे पूर्वी झाडू-बादल्या असायच्या, तिथे आमचा कक्ष आहे. फिनेलचा वास अजून गेलेला नाही. माणसं दोनच, पण खुर्च्या तीन, कारण मोठ्या बाई केव्हाही येऊन बसतात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या आरोग्य अधिकारी. त्यांनीच भांडून हा कक्ष सुरू करवला. तेव्हा नवं काम, नवी वही.

गणित तसं तीन डब्यांचं आहे. पहिल्या डब्यात ज्यांना ताप अजून झालेला नाही ते, दुसऱ्यात ज्यांना झालाय ते, तिसऱ्यात बरे झालेले. पहिल्यातून दुसऱ्यात माणसं किती भराभर पडतात ते ठरतं कोण कुणाला किती भेटतं यावर. एक आजारी माणूस सरासरी एकापेक्षा जास्त लोकांना ताप देत असेल तर साथ फोफावते, एकापेक्षा कमी असेल तर विझते. त्या एकाच्या जरा वर आणि जरा खाली, एवढ्याशा फटीत अख्खं गाव वाचतं. हे सुचलं की माझ्या अंगावर काटा येतो.

घरी आल्या आल्या आईला सांगायला लागले. "आई, सगळं तीन डब्यांत बसतं—" ती म्हणाली, "डबे घासून ठेवलेत. आधी जेवून घे." झालं, संपला विषय.

बुधवार, ६ नोव्हेंबर

कोण कुणाला भेटतं याचा तक्ता आपल्या गावासाठी कुणी केलेलाच नाही. मग आम्हीच करतोय! रोज संध्याकाळी, लोक कामावरून परतले की, दशांश आणि मी फोन लावत बसतो. जो कोणी फोन उचलतो त्याला विचारायचं, की घरात माणसं किती, त्यांची वयं काय, आणि काल प्रत्येकजण किती जणांशी समोरासमोर बोलला. लोक हौसेनं सांगतात. एका बाईनं नवऱ्याच्या भेटी सांगता सांगता त्याची खरडपट्टीच काढली.

नमुना म्हणून पहिलं घर मी आमचंच भरलं. मी: चौदा. आई: एक. तो एक म्हणजे मीच.

आईला दमा आहे. गेल्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हापासून तिचं बाहेर जाणं मी बंद केलंय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर शेकडो लोकांशी बोललेली बाई, आता दिवसभर घरात एकटी. वाईट वाटतं, पण इलाज नाही. टीव्हीच्या रिमोटमधले सेल संपून किती दिवस झालेत कोण जाणे, तिनं तक्रारसुद्धा केली नाही. मन उडालं असेल.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तक्ता भरत आला आणि काय देखणा दिसतोय! शाळेतल्या मुलांचे रकाने ठासून भरलेत, नोकरदारांचे मध्यम, आणि साठीच्या पुढचे जवळजवळ रिकामे. "बाबा? छे, ते कुठे जातात, घरीच असतात." घराघरातून हेच वाक्य. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे तर आम्ही अख्खी पातेली चाखली.

याची आत्ताच गरज आहे. बंदराच्या शहरात नवा ताप आलाय, तिथली दोन वृद्ध माणसं दगावली. आपल्या गावात माणसं लाखभर आणि लशीच्या कुप्या येणार बारा हजार, त्याही पंचवीस तारखेला. कुणाला द्यायच्या हे बावीसला ठरायला हवं. माझं गणित सांगतं, सगळ्या मुलांना द्या. ताप शाळेतच अडेल, म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचणारच नाही, कारण ती कुणाला भेटतातच कुठे?

मोठ्या बाई तिसऱ्या खुर्चीत बसून तक्ता पाहत राहिल्या. "म्हाताऱ्यांचा रकाना इतका ओस कसा?"

"मॅडम, आकडे बोलतात."

"आकडे बोलतात खरे, पण कुणाच्या तोंडून बोलतात तेही बघावं लागतं," त्या म्हणाल्या. "चुकलात तर माणसं मरतील, हे लक्षात असू द्या. मला पुरावा दाखवा. आणि तोही ताप येण्याआधी."

ताप येण्याआधी तापाचा पुरावा! म्हणजे पोहायला आलं की मग पाण्यात सोडू. जाम वैतागले. घरी येऊन खुर्चीत आदळले तर खुर्ची कुरकुरली. आई म्हणाली, "अस्सल लाकूड म्हणून गळ्यात मारली असेल तुझ्या. आत दाबलेला भुसा आहे. सांध्यात स्क्रू नाहीत, नुसता डिंक." टेलिफोनच्या बाईला हे कुठून कळतं देव जाणे.

रविवार, १० नोव्हेंबर

सुचलं! सुचलं, सुचलं, सुचलं!

आईच्या शालीला मागे एक पिवळा गोल स्टिकर चिकटला होता. त्यावर खुर्चीचं चित्र आणि 'घसघशीत सूट'. मी तो काढला, तर माझ्या बोटाला चिकटला. बोटावरून झटकला, तर बाहीला. "हे कुठून आलं?" मी विचारलं. आई म्हणाली, "वाऱ्यानं आलं असेल." आणि मी तो स्टिकर हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. एकाकडून दुसऱ्याला चिकटतं! ताप नको, ठिपके पसरवू!

लुटुपुटूची साथ. कागदी ठिपके, प्रत्येकावर नंबर. ज्याच्या बाहीवर ठिपका आहे तो आजारी. त्यानं ज्याच्याशी समोरासमोर पाच मिनिटं किंवा जास्त गप्पा मारल्या, त्याला ठिपका द्यायचा, शिवाय पुढे वाटायला एक पट्टी. मिळालेल्यानं आमच्या नंबरवर निरोप पाठवायचा: माझा ठिपका अमुक, कुणाकडून आला तो तमुक, वय एवढं. तीन दिवसांनी ठिपका काढायचा की झाला बरा. माझं गणित आधीच सांगेल की ठिपके कुठे जातील. मग बघू कोण खरं!

पिवळा स्टिकर मी फ्रिजच्या दारावर चिकटवून टाकला. शोधाची आठवण.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सुरू झाली! मोठ्या बाई ऐकून आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, मग स्वतः छापखान्याला फोन लावला. बाजारापासून बस डेपोपर्यंतच्या वॉर्डात भोंगा लावलेली गाडी फिरवली. लोकांना आवडलंय. फुकटची करमणूक कुणाला नको असते?

तीन रंगांचे तीन पहिले रोगी. लाल मी स्वतः. निळा रंग शाळेतल्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना. हिरवा डेपोजवळ राहणारा मालट्रकचा चालक, जो घराघरात कपाटं-पलंग पोचवतो. माझं भाकीत पाकिटात घालून मोठ्या बाईंच्या टेबलाच्या खणात ठेवलं.

दिवसभरात मी नऊ जणांना लाल ठिपका लावला. दशांशला पहिला. त्यानं घड्याळ लावून चार मिनिटं पन्नास सेकंदांना माझा ठिपक्याचा हात अडवला, म्हणाला, दहा सेकंद थांब, नियम म्हणजे नियम. बसमधल्या एका अनोळखी बाईलाही दिला, ती उतरायचं विसरली.

आईला द्यायचा राहिला. मी आले तेव्हा ती पानं घेत होती, मग मी संगणक उघडला, मग तिला जांभया यायला लागल्या. दिवसभर बसूनसुद्धा माणूस दमतं. नियम मीच केलाय, मीच कसा मोडू? उद्या देईन.

शनिवार, १६ नोव्हेंबर

शाळेत निळ्याचा नुसता वणवा! गाण्याच्या बाईंनी सकाळी सुरुवात केली आणि मधल्या सुट्टीपर्यंत चार वर्ग निळे. मी दर तासाला आलेल्या निरोपांचे बिंदू माझ्या आलेखावर मांडते आणि ते एकेक करून रेषेवर येऊन बसतात. जिन्याखाली मी दशांशचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली. त्याला घेरी आली. आयुष्यात इतकं सुख मला एखाद्या माणसानं दिलेलं नाही.

आईचा ठिपका अजून राहिलाच आहे. आणि खरं सांगायचं तर तिला देऊन फायदा काय, ती पुढे कुणाला देणार?

सोमवार, १८ नोव्हेंबर

एक गंमतच झाली. आज दुपारपासून हिरव्या ठिपक्यांचे निरोप धो धो यायला लागले, आणि वयं काय? ७१, ६८, ७९, ७४! निरोपही एकेक नग. 'ठिपका सुखरूप मिळाला. आभारी आहे. प्रकृती उत्तम.' 'वय ८१, परंतु तसे वाटत नाही.' एकानं तर लिहिलंय, 'आपला विश्वासू'.

दशांश म्हणाला, "पोरांचा चावटपणा. आजी-आजोबांचं वय घालतायत."

मलाही तेच वाटतं. एवढी म्हातारी माणसं एका दुपारी एकमेकांना भेटणार कुठे? पण पोरं बेरकी हं, म्हाताऱ्यांची भाषासुद्धा हुबेहूब उचललीय. ते सगळे निरोप वेगळे काढून 'चावट' नावाखाली टाकले. ते काढल्यावर आलेख असा झकास बसला की दशांशलाही दशांशात खोट काढता येईना.

शुक्रवारी आमचा विजय नक्की. आजच अहवाल लिहायला घेतला.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आईच्या बाहीवर ठिपका. हिरवा!

"आई, हा कुणी दिला?"

"दिला एकानं. दाराशी आला होता."

"पाच मिनिटं बोललीस त्याच्याशी?"

"बोलले असेन. तू चहा घेणारेस का?"

मला हसू आलं. घरात लाल ठिपक्याची उगमदेवी बसलीय आणि आईला लागण होते हिरव्याची, तीही दाराशी आलेल्या माणसाकडून! योगायोगाला गणितात जागा ठेवावी लागते ती यासाठीच. नंबर टिपून घेतला, उद्या तिच्या वतीनं निरोप मीच नोंदवीन. तिला कुठलं जमणार?

बुधवार, २० नोव्हेंबर

घाईत लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल, येऊ दे.

सकाळी आईचा नंबर नोंदवायला गेले, तर संगणक म्हणाला, हा निरोप आधीच आलेला आहे. कुठे? 'चावट'मध्ये! 'वय ६९. ठिपका मिळाला. पुढे अकरा जणांना दिला. पट्टी संपली आहे, कृपया आणखी पाठवणे.'

अकरा जणांना. माझ्या आईनं.

मी 'चावट' पूर्ण उघडलं आणि कोणी कोणाला दिला त्याच्या रेघा जोडल्या. पोरंटोरं नव्हतीच ती. सगळ्या रेघा एकमेकींत गुंतून एक गच्च जाळं झालं, शाळेतल्या कुठल्याही वर्गाहून गच्च. ट्रकचालकाकडून एक धागा आत आला होता आणि तिथून भडका. आणि भडक्याच्या मधोमध आईचा नंबर.

मी भर दुपारी घरी गेले. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा. दाराला कुलूप.

काय काय मनात आलं ते लिहीत नाही. आत गेले, हाका मारल्या, पाणी प्यायला फ्रिजकडे वळले, आणि समोर तो पिवळा स्टिकर. खुर्चीचं चित्र. घसघशीत सूट. दाबलेला भुसा, सांध्यात डिंक. पाणी प्यायचं राहिलंच. मी धावत सुटले.

बाजाराच्या टोकाला ते फर्निचरचं मोठं दुकान आहे, काचेचं, आत गारेगार. काचेतून बघितलं तर प्रत्येक सोफ्यावर माणसं. सगळी साठीच्या पुढची. एक आजी विक्रीच्या पलंगावर पाय पसरून विणत होत्या. दोन आजोबा आरामखुर्च्यांत शेजारी शेजारी घोरत होते. आणि मधोमध, 'सहा खुर्च्यांसह' अशी पाटी लटकणाऱ्या जेवणाच्या टेबलाशी रमीचा डाव. पत्ते पिसत होती माझी आई. अशी पिसत होती की बोटं दिसेनात.

मी आत शिरले तसा दुकानदार धावत आला. "या ताई, काय दाखवू? हा तीन जणांचा—"

"ती माझी मुलगी," आई पत्त्यांतून मान वर न करता म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "मग राहू दे."

"आई! तू घरी असतेस ना?"

"असते की. सकाळी असते, संध्याकाळी असते."

"आणि दुपारी?"

"दुपारी तू कुठे असतेस बघायला?" मग जरा ओशाळून म्हणाली, "बस. हा डाव संपू दे, हातात चांगली पानं आहेत."

दुकानदारानं मला पाणी दिलं. म्हणाला, "ताई, रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक पाऊल टाकत नाही. ही मंडळी बसली की बाहेरच्याला वाटतं, मालात दम आहे. काकूंनी तर माझे दोन सोफे विकून दिलेत." हिरवा ठिपका त्याच्याच ट्रकचालकानं आणलेला. आणि म्हाताऱ्यांनी तो काय निष्ठेनं वाटला! घड्याळ लावून गप्पा, चिठ्ठीवर टिपणं, पट्टीचा हिशेब. गावात माझे नियम इतके काटेकोर कुणीच पाळले नसतील, आणि मी त्यांना चावट म्हणून बाजूला टाकलं.

दातांचे एक निवृत्त डॉक्टर, ज्यांना इथे सगळे कवळीकाका म्हणतात, हात जोडून म्हणाले, "बाई, एक विनंती. आमच्या घरी कळवू नका. मुलाला वाटतं मी दुपारी झोपतो."

"माझ्या सुनेला वाटतं मी मालिका बघते," पलंगावरच्या विणणाऱ्या आजी म्हणाल्या.

"पण आम्ही फोन केला होता घरोघरी!"

"आमच्याकडे आला होता ना," कवळीकाका म्हणाले. "मुलानं उचलला. म्हणाला, बाबा घरीच असतात, कुणाला भेटत नाहीत. मी समोरच बसलो होतो. मीही मान डोलावली."

सगळे खदखदून हसले. मला मात्र रडू की हसू कळेना. आम्ही फोन केला संध्याकाळी, मुलं घरी आल्यावर. उचलला मुलांनी. म्हाताऱ्यांबद्दल विचारलं मुलांना. आणि आमच्या घरी तर फोनसुद्धा लागला नाही, उत्तर मीच लिहून टाकलं होतं.

तेवढ्यात कवळीकाकांनी जिभेला बोट लावलं आणि पत्ता उचलला. मग आईनं तोच पत्ता उचलला. माझ्या डोळ्यांपुढे तीनही डबे गरगरले.

"आई, तुझी छाती! इतकी माणसं, तोंडासमोर तोंड, तेच पत्ते! बंदराच्या शहरात माणसं मेलीत!"

"घरी बसून छाती बरी राहते," आई म्हणाली. "बाकीची मी नाही राहत बरी."

कवळीकाकांनी तिच्याकडे फक्त पाण्याचा ग्लास सरकवला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. 'चावट'मधले सगळे निरोप परत घेतले, म्हाताऱ्यांचा रकाना त्यांच्याच ठिपक्यांनी भरला आणि समीकरणं पुन्हा चालवली. आलेख कण्हत कण्हत वर गेला आणि खाली यायचं नावच घेईना. मुलांना सगळी लस टोचली तरी एक ट्रकचालक पुरे होता. फर्निचरच्या दुकानातून ताप दुपारी घराघरांत गेला असता, आणि पहिली आजारी पडली असती ती ज्यांना तो झेपत नाही ती माणसं. मी उद्या देणार होते तो अहवाल तंतोतंत पाळला असता, तर त्यात आई गेली असती.

आणि तरी, खरं लिहायचं तर, माझं काळीज उड्याही मारत होतं! कारण नवा आलेख आणि खरे ठिपके, तिन्ही रंगांचे, एकमेकांवर अलगद येऊन टेकले. काही न वगळता. काही न झटकता.

मोठ्या बाईंनी खणातलं पाकीट फोडून भाकीत वाचलं आणि मोठ्यानं हसल्या. "सपशेल नापास! इतकं कामाचं नापास होणं मी आजवर बघितलं नाही." मग चष्मा काढून विचारलं, "तो रकाना ओस का होता, ते कळलं?"

"मी विचारलंच नव्हतं, मॅडम. त्यांना."

निम्म्या कुप्या साठीच्या पुढच्यांना, उरलेल्या मुलांना. पहिलं शिबिर फर्निचरच्या दुकानात, दुपारी. मी म्हटलं, त्यांना घरी कळायला नकोय. बाई म्हणाल्या, "मग नका कळवू. मुलांना विचारून टोचायला ती काय बाळं आहेत?" एक अट मात्र घातली. टोचल्यावर लस अंगी लागेपर्यंत दोन आठवडे दुकानातला अड्डा बंद.

दशांशनं सगळे नवे आकडे तपासले. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे." नुसतं बरोबर. मला वाटतं हे त्याचं नाचणं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

शिबिर! सोफ्यांवर रांग लावली होती, म्हणजे रांगेत उभं राहायलाच नको, टोचून झालेला उठला की सगळे एकेक सोफा पुढे सरकायचे. परिचारिका म्हणाली, अशी आरामाची ड्यूटी जन्मात केली नाही. दुकानदारानं स्वतः टोचून घेतलं आणि काचेवर नवी पाटी लावली: 'आमचे सोफे आरोग्य खात्याने वापरून पाहिलेले आहेत.'

मी टेबलाच्या टोकाला बसून तक्ता नव्यानं भरत होते, या वेळी ज्याचा त्याला विचारून. काल कुणाकुणाशी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललात? म्हातारी माणसं खुलून सांगत होती. कवळीकाका सव्वीसवर जाऊन थांबले आणि वर म्हणाले, काल जरा मंदच होतं.

मग आईची पाळी. दंडावर कापूस दाबत माझ्यासमोर बसली. मी इतरांना विचारलं तसंच विचारलं, तेच शब्द.

ती बोटांवर मोजायला लागली. कवळीकाका. विणणाऱ्या आजी. दुकानदार, त्याचा ट्रकचालक. कोपऱ्यावरचा चांभार, त्याची बायको बाळंत व्हायचीय म्हणून. घोरणारे दोघे, "झोपेतून उठल्यावर". वाचनालयातली बाई. एकेकाचं सुखदुःख सांगत सांगत सतरापर्यंत आली. मग थांबली.

"आणि मी," मी लिहिता लिहिता म्हटलं.

आईनं प्रामाणिकपणे विचार केला. अगदी मनापासून आठवून पाहिलं तिनं, मला दिसत होतं.

"तू नाही गं," ती म्हणाली. "गोळी घेतलीस का, जेवलीस का, दार लावून घे. पाच मिनिटं नाही होत." आणि माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "तुला काम किती असतं!"

तिच्या आवाजात रुसवा नव्हता. असता तर बरं झालं असतं. आमच्या एका घरात लाल ठिपका दिवसेंदिवस राहिला आणि तिला लागला नाही, त्याला मी योगायोग म्हटलं होतं. मी सतरा लिहिलं. नियम म्हणजे नियम.

सोमवार, २ डिसेंबर

ताप आला गावात. गुरुवारी डेपोजवळ पहिले चार रोगी सापडले. दशांश आणि मी सकाळपासून बिंदू मांडतोय आणि ते खालच्या, म्हणजे लस दिल्यावरच्या रेषेवर येतायत, खालच्या! मुलांमध्ये ताप थोडाच पसरतोय, आणि साठीच्या पुढच्यांच्या रकान्यात आजपर्यंत कोणी नाही. लस अजून पुरती अंगी लागायचीय, आठवडे काढायचेत, इतक्यात हुरळून जायचं नाही, असं मी दशांशला सांगितलं आणि मग आम्ही दोघंही हुरळलो.

अड्डा बंद आहे. म्हणून आजकाल आईचं सगळ्याच गोष्टींवर लक्ष आहे. रिमोटला सेल नाहीत, हे तिला आज कळलं. मी आले तर जेवणाच्या टेबलाशी पत्ते पिसत एकटीच बसली होती. "दोन आठवडे मी काय भिंतीशी खेळू?" म्हणाली.

मी संगणकाची पिशवी दाराशीच ठेवली आणि समोर बसले. "वाट पत्ते."

"तुला येते रमी?"

"शिकव."

तिनं शिकवलं. मी जिभेला बोट लावलं तर हातावर चापट बसली. मी दोन डाव हरले. ती कवळीकाकांच्या लबाड्या सांगत होती, मग एक्स्चेंजमधल्या कुठल्याशा मैत्रिणीची गोष्ट, जी तिनं मला कधीच सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल आणि मी ऐकली नसेल. मग मी तिला तीन डब्यांचं सगळं गणित सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "मग बरा झालेला माणूस पुन्हा पहिल्या डब्यात नाही का येत?" काय प्रश्न! हा प्रश्न मी दशांशला विचारणार आहे.

मधेच तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"झाली की गं पाच मिनिटं. केव्हाच झाली."

पिशवीत लाल ठिपक्यांची एक पट्टी अजून होती. आईनं बाही पुढे केली. मी ठिपका लावला, नंबर टिपून घेतला आणि तिनं पुढचा डाव वाटायला घेतला.